कुणाला उठवायचं आणि कधी

रमजानच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात सहरीसाठी लोकांना उठवायला एक फकीरबाबा यायचे. ही गोष्ट १९८० च्या आसपासची, माझ्या लहानपणची. पहाटे तीन-साडेतीनला त्यांच्या डफाचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. एका हातात कंदील, खांद्याला झोळी. पण ते सरसकट सगळी दारं ठोठावत नसत. एक म्हातारी एकटी राहायची, तिला चूल पेटवून स्वयंपाक करायला वेळ लागे, म्हणून तिच्या दारावर पहिली थाप. गिरणीत जाणाऱ्या तरण्या पोरांचं दार सगळ्यात शेवटी, पण जोरात. ज्या घरात बाळंतीण असेल किंवा कुणी तापानं फणफणलेला असेल, त्या घरापुढून ते डफ न वाजवता पुढं जायचे. कुठल्या घरात कोण आहे, हे त्यांना पाठ होतं.

एका पहाटे ते आलेच नाहीत. त्यांनाच ताप आला होता. सगळा मोहल्ला झोपून राहिला आणि अजान झाल्यावर जागा झाला. त्या दिवशी अनेकांनी पाणीही न पिता रोजा धरला. सगळ्यांना उठवणाऱ्याला काय झालं, हे पाहायची सोय आमच्याकडे नव्हती.

तुम्ही म्हणाल, ह्याला बोलावलं संगणकाच्या विषयावर बोलायला आणि हा फकीरबाबांची गोष्ट सांगत बसला. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. संगणकाशी माझा संबंध टायपिंगपुरता. पण गेल्या दोन-तीन वर्षांत हा विषय माझ्या घरात शिरला, आणि तो समजून घेताना मला हे बाबा पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

माझा भाचा पुण्यात एका कंपनीत रात्रपाळी करतो. 'तू नेमकं काय करतोस?' असं मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'मामू, मी पहारा करतो.' मला वाटलं थट्टा करतोय. पण ते खरंच होतं. पूर्वी गावाला जागल्या असायचा, तसा हा संगणकांचा जागल्या.

आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, रेल्वेचं तिकीट काढतो, सातबारा पाहतो, मुलांचे प्रवेश अर्ज भरतो. आपल्याला दिसतो तो फक्त हातातला पडदा. खरं काम दूर कुठंतरी मोठ्या संगणकांवर चाललेलं असतं. त्यांना सर्व्हर म्हणतात. त्यांच्याजवळ माहिती साठवणाऱ्या डिस्क असतात, एका यंत्राला दुसऱ्याशी जोडणारे स्विच असतात, केबली असतात, वीज गेली तर चालणाऱ्या बॅटऱ्या असतात, खोली थंड ठेवणारी यंत्रणा असते. ह्या सगळ्या पसाऱ्यावर चोवीस तास लक्ष ठेवायला माणसं पुरत नाहीत. म्हणून लक्ष ठेवण्याचं काम दुसऱ्या एका सॉफ्टवेअरकडे दिलेलं असतं. मराठीत त्याला देखरेखीचं सॉफ्टवेअर म्हणू. ते दर मिनिटाला, कधी दर काही सेकंदांना, प्रत्येक यंत्राची विचारपूस करतं. जागा आहेस का? किती तापलायस? किती जागा उरलीय? उत्तर बिघडलं की पहाऱ्यावरच्या माणसाचा फोन वाजतो.

ही विचारपूस तशी जुनी आहे. १९८३ च्या डिसेंबरात माइक मूस ह्या अमेरिकन प्रोग्रामरनं 'पिंग' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधताना ध्वनीची लहर सोडतात आणि तिचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून हे नाव. एका संगणकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची, एवढंच काम. ते आजही चालतं. १९९५ मध्ये टोबियास ओटिकर ह्या स्विस तरुणानं इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये असताना नेटवर्कवरच्या रहदारीचा आलेख काढणारा एमआरटीजी हा प्रोग्राम केला. १९९९ मध्ये अमेरिकेत ईथन गॅलस्टॅडनं 'नेटसेंट' आणलं. सेंट म्हणजे संत. पुढं नावाच्या हक्कावरून अडचण आली आणि २००२ मध्ये त्याचं 'नेगिऑस' झालं. ह्या नव्या नावाची अक्षरं फोडली तर इंग्रजीत एक वाक्य तयार होतं. त्याचा अर्थ असा, की नेगिऑस संतपणाचा हट्ट धरणार नाही. संगणकवाल्यांनाही शब्दांशी खेळायला आवडतं, हे पाहून मला आपली माणसं भेटल्यासारखं वाटलं.

ह्या सगळ्या जुन्या सॉफ्टवेअरांची रीत एकच होती. प्रत्येक गोष्टीला एक मर्यादा नेमून द्यायची. डिस्क नव्वद टक्के भरली की पिवळा दिवा, पंच्याण्णवला लाल. प्रोसेसरवर अमुक टक्क्यांहून जास्त ताण आला की फोन. ऐकायला सोपं आणि शहाणपणाचं. गोंधळ होतो तो यंत्रांची संख्या वाढल्यावर.

माझ्या भाच्याच्या पहाऱ्यात शेकडो यंत्रं होती, वेगवेगळ्या ग्राहकांची. रात्रीत त्याच्याकडे तीनशे-चारशे इशारे यायचे. त्यातले बहुतेक पोकळ. रात्री दोनला माहितीच्या प्रती काढायचं काम सुरू होई, तेव्हा यंत्रांवर ताण येणारच. पण सॉफ्टवेअरला ते माहीत नाही, ते आपलं रोज दोनला बोंब मारायचं. सुरुवातीला भाचा प्रत्येक इशारा उघडून पाहायचा. सहा महिन्यांनी तो न वाचता बंद करायला लागला. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. इथं ओरडणारं पोर खोडकर नव्हतं एवढाच फरक. ते प्रामाणिकपणे, नेमून दिलेलंच काम करत होतं.

मग एका रात्री एक स्विच बंद पडला. त्याच्यामागं दोनशेच्या वर यंत्रं होती. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं ती सगळीच एकदम मेली. दोनशे यंत्रांचे दोनशे इशारे, वर दर पाच मिनिटांनी आठवण. ह्या गदारोळात दुसऱ्याच एका ग्राहकाच्या यंत्राचा साधा पिवळा इशारा येऊन गेला, डिस्क भरत आली आहे म्हणून. तो कुणी पाहिला नाही. पहाटे डिस्क काठोकाठ भरली, यंत्राला नवीन काही लिहिता येईना आणि एका संस्थेचं अर्ज भरायचं संकेतस्थळ बंद पडलं. त्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख होती.

हे त्यानं मला सांगितलं ते आमच्या घरी जेवताना. मी ताटावरचा हात थांबवला. कारण आदल्याच वर्षी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी सायबर कॅफेत दिवसभर रांगेत उभा होतो. दुसरं संकेतस्थळ, दुसरं गाव. दर तासाला कॅफेवाला एकच वाक्य म्हणायचा, 'सर्व्हर डाऊन आहे.' त्या दिवशी मी त्या सर्व्हरमागच्या, कधी न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या होत्या. कुठंतरी एसीत बसून झोपा काढत असेल, असं म्हणालो होतो. आता तसाच माणूस माझ्यासमोर बसून भाकरी मोडत होता. डोळे तारवटलेले, कामावरून त्याला ताकीदपत्र मिळालेलं. 'चूक माझीच होती मामू,' तो म्हणाला, 'इशारा आला होता.'

इशारा आला होता हे खरं. पण चारशे इशाऱ्यांत एक खरा असेल, तर तो आला असं म्हणायचं का? ह्या प्रश्नानं मी ह्या विषयात शिरलो. आणि मग कळलं की अलीकडं ह्या सॉफ्टवेअरांत ज्या नव्या सोयी आल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच ह्याच प्रश्नाभोवती फिरतात.

उदाहरण म्हणून मी 'झॅबिक्स' घेतो. भाच्याच्या कंपनीतलं सॉफ्टवेअर कुठलं होतं हे सांगण्याचं कारण नाही. झॅबिक्स घेतो ते अशासाठी, की ते फुकट मिळतं, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो आणि त्यात काय नवीन आलं हे जगजाहीर असतं. लाटव्हिया ह्या छोट्या देशातल्या अलेक्सेई व्लादिशेव ह्यांनी १९९८ मध्ये ते स्वतःच्या कामासाठी लिहायला घेतलं, २००१ मध्ये सगळ्यांना खुलं केलं आणि २००५ मध्ये रिगा शहरात त्याची कंपनी काढली.

पहिली सोय तर जुनीच आहे, पण वापरणारे थोडे. कोण कुणावर अवलंबून आहे हे सॉफ्टवेअरला सांगून ठेवता येतं. ही दोनशे यंत्रं ह्या स्विचमागं आहेत, असं एकदा लिहून ठेवलं, की स्विच मेल्यावर एकच इशारा येतो. बाकीच्या दोनशे यंत्रांबद्दल सॉफ्टवेअर गप्प बसतं. गावचा पूल वाहून गेला तर पलीकडच्या प्रत्येक घराची वेगळी तक्रार कुणी नोंदवत नाही, तसं.

दुसरी सोय अंदाजाची. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत दोन नवी गणितं आली. डिस्क किती भरली एवढंच न पाहता, ती कोणत्या वेगानं भरतेय आणि ह्या वेगानं किती वेळात संपेल, हे सॉफ्टवेअर सांगू लागलं. नव्वद टक्के भरलेली डिस्क वर्षभर तशीच राहणार असेल तर रात्री कुणाला उठवायची गरज नाही. साठ टक्के भरलेली डिस्क चार तासांत संपणार असेल तर आत्ताच उठवायला हवं. टाकीत पाणी किती आहे ह्यापेक्षा नळ किती मोठा सुटलाय हे बघायला आपली आई शिकवते, तेच हे.

तिसरी सोय सवयीची. २०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या सहाव्या आवृत्तीत सॉफ्टवेअरला 'नेहमीचं काय' हे शिकता यायला लागलं. मागच्या काही आठवड्यांत ह्याच वारी, ह्याच वेळी काय परिस्थिती होती, त्याच्याशी आजची तुलना करायची. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर गर्दी असतेच, तिच्यासाठी पोलीस बोलवत नाहीत. भलत्याच दिवशी रात्री दोनला गर्दी जमली तर मात्र काहीतरी घडलं आहे. उलटंही खरं. बाजाराच्या दिवशी स्टँड ओस असेल तर तीसुद्धा बातमीच. नेमलेल्या मर्यादेला असलं रिकामपण कधी दिसलं नसतं.

चौथी सोय मला सगळ्यात आवडली. ती २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतली. आतापर्यंत सॉफ्टवेअर यंत्रांना विचारायचं, 'तू बरा आहेस ना?' यंत्र म्हणायचं, 'बरा आहे.' सगळे दिवे हिरवे. आणि तरीही बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा अर्ज काही भरला जात नसे. आता सॉफ्टवेअर स्वतः ग्राहक होऊन येतं. आपण वापरतो तसा ब्राउझर उघडतं, नाव आणि पासवर्ड टाकतं, बटण दाबतं, किती वेळ लागला ते मोजतं आणि पडद्याचं छायाचित्रही काढून ठेवतं. वेषांतर करून रात्री नगरात फिरणाऱ्या राजांच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. प्रधान सांगतो ते एक आणि पाणवठ्यावर ऐकू येतं ते दुसरं, हे त्या राजांना माहीत होतं.

ह्याच आवृत्तीत विचारपूस करायची पद्धतही बदलली. पूर्वी एक चौकशी केली की उत्तर येईपर्यंत तिथंच थांबायचं. एखादं यंत्र सुस्त असलं की मागची सगळी खोळंबायची. आता चौकशी करणारा एक घटक एकाच वेळी हजारापर्यंत हाका मारून ठेवतो आणि जसजशी ओ येईल तसतशी टिपून घेतो. शिवाय पडद्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं चित्र दिसतं. एकेका यंत्राचं एकेक घर. शेकडो घरांत एक लाल झालं तर नजर आपोआप तिथं जाते.

आता फकीरबाबांच्या तापाकडे येऊ. पहारेकरीच आजारी पडला तर?

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या साठवणुकीच्या सेवेत बिघाड झाला. एका कर्मचाऱ्यानं थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली, ती टाइप करताना चूक झाली आणि नको तेवढे सर्व्हर निघाले. जवळपास चार तास असंख्य संकेतस्थळं अडली. गंमत अशी, की सेवा चालू आहे की बंद हे जगाला सांगणारा ॲमेझॉनचा फलक त्याच सेवेवर अवलंबून होता. त्यामुळे सेवा बंद असूनही फलक बदलता येईना. शेवटी त्यांनी ट्विटरवरून लोकांना कळवलं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं, ते तुमच्या लक्षात असेल. तिथं एका चुकीच्या आज्ञेनं कंपनीचं आतलं जाळंच तुटलं, आणि दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची स्वतःची साधनंही त्याच जाळ्यावर होती. माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली.

म्हणून पहाऱ्यालाही जोडीदार हवा. झॅबिक्सच्या सहाव्या आवृत्तीत मुख्य यंत्र पडलं तर राखीव यंत्रानं आपोआप सूत्रं हाती घ्यायची सोय आली. सातवीत, ठिकठिकाणी माहिती गोळा करणाऱ्या मदतनीस यंत्रांचे गट करता येऊ लागले. एक पडलं की त्याची घरं बाकीचे वाटून घेतात.

पहारेकऱ्याची दुसरीही एक काळजी असते. त्याच्याकडे किल्ल्या असतात. २०२० च्या डिसेंबरात उघड झालं, की सोलरविंड्स ह्या कंपनीच्या ओरायन नावाच्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्येच हेरांनी आपला कोड मिसळला होता. कंपनीच्या अधिकृत अद्ययावत आवृत्तीतूनच तो ग्राहकांकडे पोचला. १८ हजारांपर्यंत ग्राहकांनी ती उतरवून घेतली असावी असं कंपनीनंच सांगितलं. प्रत्यक्ष घुसखोरी त्यांतल्या थोड्यांकडे झाली, पण त्या थोड्यांत अमेरिकी सरकारची खातीही होती. झॅबिक्सच्या सातव्या आवृत्तीत नुसत्या पासवर्डाबरोबर मोबाइलवरचा बदलता आकडा मागण्याची सोय आली, तिच्यामागं हीच काळजी आहे. सगळ्या घरांची माहिती असलेल्या माणसाची ओळख दोनदा पटवून घ्यावी हे बरंच.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे. अनेक कंपन्यांची सॉफ्टवेअरं शेकडो इशारे एकत्र करून 'बहुधा मूळ कारण हे असावं' असं सरळ वाक्यात लिहून देतात. भाच्याला मी त्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, 'उपयोग होतो मामू. पण ते कधीकधी चुकीची गोष्टही तितक्याच खात्रीनं सांगतं. म्हणून आम्ही तिला तपासाची सुरुवात मानतो, निकाल मानत नाही.'

त्या प्रसंगानंतर भाच्याच्या गटानं काय केलं ते सांगून थांबतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, पण नुसतं तेवढ्यानं काही झालं नसतं. ते सगळे मिळून महिनाभर रोज दोन तास बसले. एकेक इशारा काढून त्याला एकच प्रश्न विचारायचा: हा वाजल्यावर आपण उठून काय करतो? उत्तर 'काही नाही' असलं तर तो रात्री वाजणं बंद, सकाळच्या यादीत टाका. कुठलं यंत्र कुणामागं आहे हे लिहून काढलं. कुठल्या ग्राहकाची शेवटची तारीख कधी आहे, हेही आता नोंदलेलं असतं. ही माहिती सॉफ्टवेअरला आपोआप होत नाही. ती कुणीतरी माणसानं घरोघर विचारूनच आणावी लागते. आता रात्रीत सात-आठ इशारे येतात, आणि तो ते सगळे वाचतो. ताकीदपत्र मात्र अजून फाइलीतच आहे.

मध्यंतरी तो आला होता, तेव्हा मी म्हटलं, 'आता निवांत असशील.' तर तो हसला. म्हणाला, 'नवी भीती आलीय. फोन वाजलाच नाही, की वाटतं पहाराच तर बंद पडला नाही ना?' त्यावरही त्यांनी इलाज केला आहे. त्यांचं सॉफ्टवेअर आता दर काही मिनिटांनी बाहेरच्या एका वेगळ्या यंत्राला नुसता निरोप पाठवतं, मी जागा आहे. तो निरोप थांबला, की ते दुसरं यंत्र ह्याचा फोन वाजवतं.

मी त्याला फकीरबाबांच्या तापाची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग विचारलं, 'मामू, त्या दिवशी त्यांच्या घरी कोण गेलं होतं?'

मला आठवेना. बहुधा संध्याकाळपर्यंत कुणीच गेलं नव्हतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)